काल होता तोच लाल

लहान धंदा करणाऱ्या माणसाच्या कानावर एक वाक्य कधी ना कधी पडतंच : "पहिल्यासारखं राहिलं नाही हो आता." खानावळ असो, मसाले-लोणची असोत, नाहीतर ब्लाउज शिवण्याचं काम असो. ऐकणाऱ्याला ते झोंबतं, कारण त्याच्या हिशेबी त्याने काहीच बदललेलं नसतं. तीच मिरची, तोच वाणी, तीच कढई. मग फरक आला कुठून?

आपल्याकडे याला ठरलेलं उत्तर आहे. जिद्द कमी पडली, शिस्त नाही, मराठी माणसाला धंदा जमतच नाही, वगैरे. या उत्तराचा काडीचाही उपयोग होत नाही. कंटाळा सगळ्यांना येतो, ताप सगळ्यांना येतो, लग्नकार्यं सगळ्यांच्याच घरात निघतात. तरीही ज्यांचा माल वर्षानुवर्षं सारखा उतरतो, त्यांनी सातत्य मनगटाच्या भरवशावर सोडलेलं नसतं. ते कामाच्या मांडणीतच कुठेतरी बसवलेलं असतं. कुठे, ते पाहायला आपण माळव्यात जाऊ. धार आणि देवास ही नावं मराठी वाचकाला तिथल्या पवार राजघराण्यांमुळे ठाऊक आहेत. आज धार जिल्ह्यात बाग नावाच्या गावी हातानं ठसे मारून कापड छापतात आणि देवासला सरकारी कारखान्यात नोटा छापतात. दोन टोकांचे हे दोन छापखाने. पण कालच्यासारखं आज कसं उतरायचं, हा प्रश्न दोघांनाही आहेच.

१. न दिसणारा रंग

बाग हे कुक्षी तहसिलीतलं गाव. बाघिनी नदीच्या काठी वसलेलं, जवळच बौद्ध लेणी. इथल्या छपाईवाल्या खत्री घराण्यांचं मूळ सिंधमधल्या लारकान्याकडे सांगतात. मारवाड, मग मनावर असा मुक्काम करत १९६२ च्या सुमारास ती बागेत आली. वाहतं पाणी हवं होतं, ते इथे मिळालं.

पांढऱ्या कापडावर लाल-काळी नक्षी, ही बाग छपाईची ओळख. पाहणाऱ्याला वाटतं, ठसा लाल रंगात बुडवला आणि कापडावर मारला. तसं नाही. ठसा मारताना तिथे लाल रंग नसतोच.

हे समजायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. सुती कापड आणि असे रंग यांचं आपसात फारसं जमत नाही. नुसत्या रंगात कापड बुडवलं तर दोन धुण्यांत ते उतरतं. मध्ये सोयरीक जुळवणारं कुणीतरी लागतं, ज्याचा एक हात सुताच्या हातात आणि दुसरा रंगाच्या हातात. बागेत लाल रंगासाठी हे काम तुरटी करते आणि काळ्यासाठी लोखंड. कच्चं केळं चिरल्यावर सुरीवर काळा डाग पडतो ना, तीच किमया. केळ्यातला तुरट अंश आणि सुरीचं लोखंड भेटले की काळं होतं. बागेत तो तुरट अंश हिरड्यातून येतो.

आता क्रम पाहा. कोरं कापड आधी धुऊन त्यातली खळ काढतात. मग खार, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते मुरवतात, वाळवतात, पुन्हा मुरवतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवलं की कापड पिवळसर होतं. त्यावर तुरटीची खळ आणि लोखंडाची खळ वेगवेगळ्या ठशांनी उमटवतात. खळ घट्ट व्हावी म्हणून त्यात चिंचोक्याची पूड असते. छापलेलं कापड आठवडा-दोन आठवडे तसंच ठेवतात. मग ते वाहत्या नदीत झटकत धुवायचं, कारण सुटलेली खळ पांढऱ्या जागी बसली तर डाग पडतो. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझारिन हा लाल रंग आणि धावडीची फुलं घालून कापड काही तास उकळतात. याला भट्टी म्हणतात. तुरटी जिथे बसली होती तिथे, आणि तिथेच, लाल उमलतो.

याचा धंद्याच्या दृष्टीने अर्थ काय? तुरटीची खळ आज पातळ झाली, तर ते आज कळत नाही. दोन आठवड्यांनी भट्टीतून थान बाहेर निघतं तेव्हा कळतं. तोवर त्याच खळीत आणखी वीस थानं छापून झालेली असू शकतात. दह्याला विरजण लावण्यासारखंच हे : चूक रात्री होते आणि सकाळी उघडकीला येते. फरक एवढाच, की इथली रात्र चौदा दिवसांची असते.

म्हणून "रंग कसा येतो ते बघू आणि मग सुधारू" ही रीत इथे चालतच नाही. धरून ठेवायची ती पायरी. निकाल तिच्या मागून येतो. पायरी धरणं म्हणजे तीन गोष्टी ठरवून टाकणं : माप, क्रम आणि मुदत. किती पाण्यात किती तुरटी, कशानंतर काय, आणि किती वेळ. तुमचा धंदा लोणच्याचा असेल तर मिठाचं वजन, फोडी आणि मसाल्याचा क्रम, मुरवण्याचे दिवस. शिवणाचा असेल तर कापड आधी भिजवलं की नाही, हेही त्यातच आलं.

इथे कुणीतरी आजीचा दाखला देईलच. आजी कुठे मोजत होती, तिचा अंदाजच पक्का होता! माझ्या पाहण्यात अशा आज्यांचा अंदाज म्हणजे चाळीस वर्षं वापरलेली एकच पितळी वाटी असतो. ती वाटी भाच्याच्या मुंजीत हरवली की अंदाजही हरवतो.

आणखी एक, जे ऐकून काही रसिक नाराज होतील. पूर्वी लाल रंग झाडांच्या मुळ्यांतून काढत, आल किंवा मंजिष्ठेच्या. मुळी किती जुनी, कुठल्या मातीतली, यावर रंगाचा जोर ठरे. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांत असणारं अलिझारिन प्रयोगशाळेत बनवलं. तेव्हापासून लाल पुडीत मिळू लागला, आणि बागेतल्या भट्टीतही अलिझारिनच पडतं. हे "अस्सल" नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं पाहावं, की पायऱ्या सगळ्या जुन्याच राहिल्या, फक्त सर्वांत लहरी जिन्नस तेवढा बदलला. मला तरी हा शहाणपणा वाटतो.

२. फरक दोन जातींचे

कितीही मोजूनमापून केलं तरी दोन थानं हुबेहूब सारखी येणार नाहीत. मग कुठला फरक सोडून द्यायचा आणि कुठल्या फरकामागे धावायचं?

अमेरिकेत बेल कंपनीच्या टेलिफोनच्या कारखान्यांपुढे हाच प्रश्न होता. वॉल्टर शूहार्ट या पदार्थविज्ञान शिकलेल्या अभियंत्याने मे १९२४ मध्ये वरिष्ठांना एक पानभर टिपण दिलं, सोबत एक आकृती. त्यातला विचार असा : प्रत्येक कामात थोडी हालचाल असतेच, नाडीच्या ठोक्यांसारखी. तिला एक असं कारण नसतं. शंभर बारीक कारणं मिळून ती होते. पण कधी एखादा फरक या नेहमीच्या हालचालीच्या बाहेर जातो, तेव्हा त्यामागे शोधता येईल असं एखादं कारण असतं. पहिल्या जातीच्या फरकामागे धावू नये. दुसऱ्या जातीचा दिसला की काम थांबवून कारण शोधावं.

दोन जाती ओळखायच्या कशा? देवासच्या सकाळी जाऊ. माळव्यात पोहे वाफेवर गरम ठेवतात, वरून शेव, कांदा आणि जीरावन मसाला. समजा एका कल्पित गाडीवर मालकाने लागोपाठ दहा प्लेटा वजन केल्या. ग्रॅममध्ये आकडे आले :

१४२, १५१, १४८, १५५, १४६, १५०, १५८, १४७, १४९, १५४.

बेरीज १,५००, म्हणजे सरासरी १५०. आता लागोपाठच्या दोन प्लेटांमधला फरक काढा : ९, ३, ७, ९, ४, ८, ११, २, ५. यांची बेरीज ५८, नऊने भागलं की साधारण ६.४. या आकड्याला २.६६ ने गुणायचं. २.६६ कुठून आला हे इथे सोडून देऊ. शूहार्टच्या वाटेने गेलेल्या लोकांनी गणितातून काढलेला तो ठरीव गुणक आहे. उत्तर आलं १७. सरासरीच्या वर १७ आणि खाली १७, म्हणजे १३३ ते १६७, ही या हाताची नेहमीची हालचाल. दहाऐवजी वीस-पंचवीस प्लेटा मोजल्या तर आकडा अधिक भरवशाचा होईल.

१४२ ची प्लेट पाहून मालकाने पोऱ्यावर ओरडायचं कारण नाही. ती घरातलीच आहे. पण १८० ची निघाली तर थांबायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं : नवा पोऱ्या, वेगळा झारा. झारा बदलला की प्रश्न मिटला.

आणि समजा सगळ्याच प्लेटा हळूहळू आठ-आठ ग्रॅमनी जड होत गेल्या. हद्दीच्या आत असल्याने एकही प्लेट वेगळी दिसत नाही, पण दिवसाला २०० प्लेटा असतील तर १,६०० ग्रॅम गेले. म्हणजे रोज दहा प्लेटा फुकट. म्हणून आकडे डोक्यात ठेवून भागत नाही. भिंतीवर कागद लावून रोज एक ठिपका काढला, की लागोपाठ सात-आठ ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला बसलेले डोळ्यांना दिसतात. तेवढे दिसले की समजायचं, काहीतरी सरकलं आहे.

३. सारखं ढवळणारा हात

आळशी मालकाचा माल बिघडतो, हे सगळ्यांना पटतं. अति काळजी करणाऱ्या मालकाचाही बिघडतो, हे पटायला वेळ लागतो.

शूहार्टच्या विचाराचा पुढे जगभर प्रसार केला डेमिंग यांनी. ते प्रशिक्षणात एक खेळ करून दाखवत. टेबलावर एक खूण, तिच्यावर नरसाळं धरलेलं. नरसाळ्यातून गोटी सोडायची. ती खुणेच्या आसपास कुठेतरी थांबते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आता सुधारणा करायची म्हणून, गोटी चार बोटं डावीकडे पडली की नरसाळं चार बोटं उजवीकडे सरकवायचं. दर वेळी असंच. काय होतं? नेम सुधारत नाही, उलट गोट्यांचा पसारा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. कारण गोटी डावीकडे गेली ती नरसाळं चुकीच्या जागी होतं म्हणून नव्हे. ती तिची नेहमीची थरथर होती, आणि आपण त्या थरथरीला उत्तर देत बसलो.

पोह्यांच्या गाडीवर हेच घडतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं मीठ कमी, मालकाने चिमूट टाकली. नववं म्हणालं खारट, तर पोहे वाढवले. दुपारपर्यंत कढईत काय आहे ते त्यालाही सांगता येत नाही. एका गिऱ्हाइकाची तक्रार वहीत लिहावी, नम्रपणे ऐकून घ्यावी, मीठ मात्र हलवू नये. त्याच दिवशी पाचजण तेच बोलले तर गोष्ट वेगळी.

दर सोमवारी भाव बदलणारे, दर महिन्याला दुकानाची वेळ बदलणारे, एखाद्या व्हिडिओत पाहिलं म्हणून पाकीट बदलणारे, हे सगळे नरसाळं सरकवणारेच. मेहनत पाहावी तर इतरांपेक्षा जास्त.

४. तारा असलेली नोट

देवासची बँक नोट प्रेस १९७४ मधली. नोटांच्या छपाईबरोबर शाईही तिथे तयार होते. बागेतल्या ठशाची कड केसभर सरकली तर तो हाताचा गुण म्हणून कौतुकाने दाखवतात. नोटेवरची रेघ केसभर सरकली तर ती नोट बाद. सातत्याची याहून कडक जागा सापडणं कठीण.

तरीही अशा जागी चुका होतात, आणि होणार हे धरूनच व्यवस्था केलेली असते. कोऱ्या गड्डीत शंभर नोटा ओळीने क्रमांकाच्या. त्यातली एक छपाईत बिघडली तर? पूर्वी तोच क्रमांक पुन्हा छापून रिकामी जागा भरावी लागे. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने आधी १०, २० आणि ५० रुपयांच्या नोटांसाठी सोपी वाट काढली. क्रमांकात अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये एक छोटा तारा असलेल्या नोटा आधीच छापून ठेवायच्या आणि बाद नोटेच्या जागी त्यातली एक घालायची. क्रम तुटला तरी गड्डी शंभरचीच राहते. पुढे हीच रीत ५०० च्या नोटेलाही लागू झाली. खिशातल्या नोटा एकदा उलटून पाहा, एखादी सापडेलही.

लहान धंद्याला याचा उपयोग फार मोठा आहे. आपण चूक होऊ नये याची तयारी करतो, झाल्यावर काय करायचं याची करत नाही. शिलाई मशीन बंद पडलं तर शेजारच्या कुणाचं मिळेल? डबे करणाऱ्या बाई आजारी पडल्या तर चाळीस डबे कोण करेल? या प्रश्नाचं उत्तर सकाळी सात वाजता शोधायला बसलं तर सापडत नाही. ते आधीच कागदावर लिहून, त्या दुसऱ्या बाईंशी बोलून ठेवावं लागतं. गिऱ्हाइकाला तारा दिसेल, पण डबा येईल.

५. माल सोडला, रीत धरली

सातत्य म्हणजे जुनं सगळं तसंच चालू ठेवणं नव्हे. बागेची गोष्ट इथे पुन्हा कामाला येते.

इथल्या कापडाचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे भिल्ल-भिलाला. त्यांचे घागरे, लुगडी, ओढण्या. होळीआधी भगोरियाचे बाजार भरत तेव्हा खपाचा हंगाम. १९६० च्या आसपास गिरणीचं आणि कृत्रिम धाग्यांचं स्वस्त कापड बाजारात उतरलं आणि हे गिऱ्हाईक हातातून निसटू लागलं. त्यात गिऱ्हाइकाची चूक काढण्यासारखं काही नव्हतं. नवं कापड स्वस्त होतं, लवकर वाळत होतं. बऱ्याच छपाईवाल्यांनी काम सोडलं.

इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी सोडलं नाही, पण जे धरलं ते नेमकं निवडून. खळ, नदी, भट्टी, लाल-काळं जसंच्या तसं. ठसे बदलले, कापड बदललं. घागऱ्याच्या कापडाऐवजी साड्या, दुपट्टे, चादरी, शहरातल्या गिऱ्हाइकासाठी. पुढे त्यांना आणि त्यांच्या घरातल्या इतरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, बाग छपाईला भौगोलिक मानांकनही मिळालं.

याच्या उलट करणारे आपल्या गल्लीत दिसतात. माल तोच ठेवतात, पाटी तीच ठेवतात, आणि रीत मात्र गुपचूप बदलतात. तुपाच्या जागी डालडा, दोन टाक्यांच्या जागी एक. आणि मग "पहिल्यासारखं राहिलं नाही" ऐकून त्यांना नवल वाटतं.

६. पावसाळ्याचा गल्ला

नदीत धुणं आणि उन्हात वाळवणं यावर जो धंदा उभा आहे, त्याचा पावसाळा सुखाचा नसतो. पाणी गढूळ, ऊन नाही. माळव्यातल्या दुकानदारांचंही असंच, सोयाबीन विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा आला की गिऱ्हाईक, तोवर उधारी. मालात सातत्य ठेवणाऱ्या किती जणांचं घर अशा चार महिन्यांत डळमळतं आणि मग तुरटी कमी घालायची बुद्धी होते!

यावर जुना उपाय म्हणजे घराचा पैसा आणि धंद्याचा पैसा यांचे डबे वेगळे. आणि धंद्याने मालकाला बारा महिने सारखा पगार द्यायचा. एक हिशेब मांडू. आठ महिने दरमहा ४२,००० सुटतात, पावसाचे चार महिने ६,०००. वर्षाचे झाले ३,६०,०००. मालकाने दरमहा ४२,००० उचलले तर जूनमध्ये कर्ज. पण दरमहा २५,००० च घेतले तर आठ महिन्यांत १,३६,००० साठतात. पावसाळ्यात दरमहा १९,००० कमी पडतात, म्हणजे ७६,००० खर्ची पडले. वर्ष सरताना ६०,००० शिल्लक, आणि तुरटी जितकी होती तितकीच.

असे वेगळे डबे नसले की काय होतं, त्याचं उदाहरण देवासच्याच इतिहासात आहे. देवास हे एकाच गावात दोन राज्यं असलेलं ठिकाण, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे हुशार, लोभस गृहस्थ. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये त्यांचे खासगी चिटणीस होते आणि १९५३ च्या पुस्तकात त्यांनी महाराजांवर अतिशय मायेने लिहिलं आहे. पण राज्याच्या तिजोरीचा मेळ शेवटपर्यंत बसला नाही. १९३३ मध्ये कर्जांनी घेरलेले तुकोजीराव पाँडिचेरीला, फ्रेंचांच्या हद्दीत निघून गेले, आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. धंदा चालवणाऱ्या भल्या माणसांची अशी अखेर आपण लहान प्रमाणात पुष्कळदा पाहतो.

पाऊस ओसरला आणि काम पुन्हा सुरू करायचं झालं, की एकदम सगळा माल आत टाकू नका. गेल्या हंगामातल्या चांगल्या मालाचा एक तुकडा, एक बरणी, एक शिवलेली बाही जपून ठेवलेली असावी. कापडाचं काम असेल तर पहिल्या खेपेला हातभर कापड उकळा, ते वाळू द्या आणि जुन्या तुकड्याशेजारी धरा. मात्र बाहेर अंगणात, दिवसाच्या उजेडात. घरातल्या पिवळ्या बल्बखाली सगळेच लाल सारखे दिसतात.